चारात एक

पावसाळा सरला, की आपल्याकडे आरोग्य शिबिरांचा मोसम सुरू होतो. कुणाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी, कुठे मंडळाचे रौप्यमहोत्सवी वर्ष. निमित्त काहीही असो, मंडप पडतो, दंडाला पट्टा आवळला जातो, बोटाला सुई टोचली जाते आणि दुसऱ्या दिवशी गावात आकडे फिरू लागतात. अशाच एका शिबिरात मी तपासायला बसलो होतो. समारोपाला निवेदकाने माईकवरून जाहीर केले, "एकंदर २०० जणांची तपासणी झाली. ७० जणांना ब्लडप्रेशर निघाले, ५० जणांना शुगर निघाली. म्हणजे २०० पैकी १२० पेशंट! शेकडा ६०! मंडळी, आपला गाव आजारी आहे!" (हिशेबाला सोपे जावेत म्हणून आकडे मी गोल करून घेतले आहेत. चूक मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.)

टाळ्या पडल्या. आजारी असल्याबद्दल टाळ्या वाजवणारे गाव विरळाच, पण ते असो. माझ्यासमोर तपासणीचे कागद होते. त्यांत ३० माणसे अशी होती, की ज्यांना रक्तदाबही होता आणि साखरही. निवेदकाने ती ३० माणसे दोनदा मोजली होती. ७० मध्ये एकदा आणि ५० मध्ये पुन्हा एकदा. खरा हिशेब असा, की ७० आणि ५० मिळून १२०, त्यातून दुबार मोजलेले ३० वजा, राहिले ९०. म्हणजे शेकडा ४५. आणि उरलेले ११० जण ठणठणीत होते, निदान या दोन बाबतींत तरी.

वाचकहो, हे गणित आपल्या घरातले नववीतले मूल करू शकते. नववीच्या पुस्तकात ‘संच’ हा पहिलाच धडा आहे आणि दहावीच्या बीजगणितात ‘संभाव्यता’ आहे. दोन वर्तुळे एकमेकांवर चढलेली, ती वेन आकृती मुले वहीत सुबक काढतात आणि परीक्षा झाली की विसरतात. माझे म्हणणे असे, की ही दोन वर्तुळे दवाखान्यात जितकी उपयोगी पडतात तितकी दुसरीकडे क्वचितच पडत असतील. आज थोडे त्याविषयी. कंटाळा करू नका, कारण पुढे ज्या प्रसंगाकडे मी येणार आहे, त्यात एका कुटुंबाचे नुकसान झाले आणि त्यातला काही दोष माझ्याकडे जातो.

पेणकरांना समजेल असे उदाहरण घेऊ. हमरापूर किंवा जोहे भागातल्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात फळीवर १०० मूर्ती आहेत असे समजा. त्यांत ४० शाडूच्या आहेत, ५० रंगवून झालेल्या आहेत, आणि शाडूच्या असून रंगवलेल्या अशा १५ आहेत. गिऱ्हाईक म्हणाले, "शाडूची आणि रंगवलेली दाखवा," तर १५ मूर्ती पुढे येतील. हा झाला छेद. गिऱ्हाईक म्हणाले, "शाडूची किंवा रंगवलेली, कुठलीही चालेल," तर ४० अधिक ५० वजा १५, म्हणजे ७५ मूर्ती पुढे येतील. हा संयोग. आणि उरलेल्या २५, न रंगवलेल्या प्लास्टरच्या, हा पूरक संच. डोळे मिटून एक मूर्ती उचलली तर ती या ७५ पैकी असण्याची शक्यता १०० त ७५. बस, एवढेच गणित. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे तीन शब्द जपून वापरायचे, की शक्यतेचे बरेचसे काम भागते.

गंमत अशी, की या शास्त्राचा एक आद्य लेखक डॉक्टरच होता. इटलीतला कार्दानो हा सोळाव्या शतकातला नामांकित वैद्य. त्याला फाशांचा नाद होता. जुगारात किती वेळा काय पडेल याचा त्याने ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, १६६३ साली छापला गेला. वैद्यक आणि फासे यांचे नाते असे जुने आहे. आम्ही डॉक्टर मंडळी मात्र ते उघडपणे मान्य करीत नाही.

आता पुन्हा शिबिराकडे. त्या मंडपात आणखी एक सुशिक्षित गृहस्थ होते. त्यांनी दुसऱ्या टोकाची चूक केली. ते म्हणाले, "रक्तदाब शंभरात ३५ जणांना, साखर शंभरात २५ जणांना. दोन्ही एकाच माणसाला असणे म्हणजे दुर्मीळ. गुणाकार करा, शंभरात नऊदेखील भरत नाहीत." गुणाकार बरोबर होता. २०० माणसांत त्या हिशेबाने १७-१८ जण निघायला हवे होते. प्रत्यक्षात ३० निघाले. का? गुणाकार करायची एक अट आहे. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नसावा, ही ती अट. नाणे आणि फासा एकत्र फेकले तर ती अट पाळली जाते, कारण नाण्याला फाशाची खबर नसते. रक्तदाब आणि मधुमेह हे तसे परके नाहीत. दोघांचीही वाढलेल्या पोटाशी, बैठ्या कामाशी, वाढत्या वयाशी आणि आईवडिलांकडून आलेल्या वारशाशी सोयरीक आहे. एक घरात आला की दुसऱ्याला निरोप जातोच.

त्यामुळे त्याच कागदांवरून मी उलटा हिशेब केला. ज्या ७० जणांना रक्तदाब होता, त्यांच्यात साखर असलेले ३०, म्हणजे शेकडा ४३ च्या आसपास. ज्या १३० जणांना रक्तदाब नव्हता, त्यांच्यात साखर असलेले २०, म्हणजे शेकडा १५. एका छोट्या शिबिराचे आकडे साऱ्या तालुक्याला लावू नयेत, कारण शिबिराला तरणीताठी माणसे कमी येतात आणि ज्यांना आधीच धास्ती आहे ती जास्त येतात. शिवाय एकदाच घेतलेला रक्तदाब आणि जेवून आल्यावर बोटातून काढलेली साखर म्हणजे निदान नव्हे. पण दोन रोग हातात हात घालून चालतात ही गोष्ट कुठल्याही दवाखान्यात दिसते. रक्तदाबाची गोळी सुरू असूनही ज्यांनी कधी साखर तपासली नाही, त्यांनी या आठवड्यात उपाशीपोटी ती तपासून घ्यावी. आणि पापड, लोणचे, सुकी मासळी यांचे ताटातले स्थान थोडे आखडते घ्यावे. पेणमध्ये राहून पापडाविरुद्ध लिहिणे हे धाडस आहे, याची मला कल्पना आहे.

शिबिर भरवणाऱ्यांना माझी विनंती एकच. फलकावर दोन रकाने करता, तिथे तिसरा करा, ‘दोन्ही’ असा. खरे जोखमीचे लोक त्याच रकान्यात आहेत. डोळे, मूत्रपिंड, हृदय यांना दोन्हीकडून मार बसतो तो त्यांनाच. पुढच्या तपासणीला कुणाला आधी बोलवायचे ते त्या रकान्यावरून ठरते, आणि बहुतेक शिबिरांत नेमका तोच रकाना नसतो.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे लिहायला घेतले, तो सांगतो.

काही वर्षांपूर्वी डोंगराकडच्या एका वाडीवरून एक जोडपे आपल्या मुलाला घेऊन आले. मूल दीड वर्षाचे. हातापायांचे पंजे सुजलेले, रडून रडून आवाज बसलेला, डोळ्यांत पिवळी झाक. रक्त तपासले, सिकलसेल निघाला. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग सांधे, हाडे, पोट, छाती, कुठेही असह्य कळा सुरू होतात. जन्मल्याबरोबर काही कळत नाही, कारण पहिले काही महिने गर्भातले वेगळे हिमोग्लोबिन बाळाला सांभाळून घेते. ते ओसरले की आजार डोके वर काढतो.

आईवडील दोघेही वाहक होते. वाहक म्हणजे आजारी नव्हे. प्रत्येक माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. वाहकाची एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असते. चांगली प्रत काम चालवून नेते आणि माणूस शेतात राबतो, विटा वाहतो, त्याला पत्ताही नसतो. पण दोन वाहकांचे लग्न झाले, तर मुलाला दोघांकडूनही बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता चारात एक. कशी? आईकडून बिघडलेली येण्याची शक्यता दोनात एक, वडिलांकडून येण्याची दोनात एक. आईच्या पदरातून काय पडले ते वडिलांच्या प्रतीला ठाऊक नसते, म्हणून इथे गुणाकार चालतो. अर्ध्याचे अर्धे, पाव.

मी त्यांना तेच सांगितले. "तुम्हाला होणाऱ्या मुलांत चारात एक असे मूल होण्याचा धोका आहे." सांगितले आणि पुढच्या पेशंटकडे वळलो. बाहेर बाकावर ओळ होती.

अडीच-तीन वर्षांनी ते पुन्हा आले. यावेळी कडेवर दुसरे मूल. तेच सुजलेले पंजे. मी विचारले, "दिवस राहिल्यावर तपासायला का नाही आलात?" बाई गप्प. नवरा म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत ना डॉक्टर, चारात एक. आमचा एक झाला. आता पुढली तीन चांगली निघतील म्हणून आम्ही निवांत होतो."

वाचकहो, हा माणूस निरक्षर होता म्हणून फसला असे समजू नका. पदवीधर लोकांनीही मला नेमका हाच प्रश्न केलेला आहे. ‘चारात एक’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. रेशनच्या कार्डावर एवढे किलो मिळायचे, ते घेतले की संपले, तसा हा कोटा वाटतो. तो कोटा नाही. प्रत्येक गर्भ राहताना आईची दोन प्रतींची चिठ्ठी नव्याने निघते, वडिलांची नव्याने निघते. मागच्या खेपेला काय निघाले त्याची नोंद निसर्ग ठेवत नाही. पहिले मूल आजारी झाले तरी दुसऱ्याला धोका चारात एकच. पहिली तीन मुले धडधाकट झाली तरी चौथ्याला चारात एकच. तीन मुलींनंतर आता मुलगा नक्की, असे म्हणणाऱ्या घरांत हीच चूक नांदत असते.

मग दोन मुले व्हायची असतील तर निदान एकाला आजार होण्याचा धोका किती? इथे ‘नाही’ हा शब्द कामाला येतो. सरळ मोजायला गेलात तर पहिले आजारी, दुसरे आजारी, दोन्ही आजारी असा गोंधळ होतो. उलट बाजूने मोजा. एकही आजारी नाही, असे होण्याची शक्यता किती? पहिले सुटण्याची चारात तीन, दुसरे सुटण्याचीही चारात तीन. गुणाकार केला की १६ त ९. म्हणजे निदान एक आजारी असण्याची शक्यता उरलेली, १६ त ७. शंभरात जवळजवळ ४४. तीन मुले असतील तर सगळी सुटण्याची शक्यता ६४ त २७, आणि निदान एक आजारी असण्याची ६४ त ३७. शंभरात ५८ च्या आसपास! आणि चारही मुले झाली तर? ‘चारात एक’ म्हणजे चार झाल्यावर एक आजारी नक्की, असा ज्यांचा समज आहे त्यांनी पाहावे, चारही धडधाकट निघण्याची शक्यता २५६ त ८१ आहे. जवळजवळ तीनात एक. म्हणजे नक्की काहीच नाही, ना भीती ना निश्चिंती.

हे मला त्या पहिल्या भेटीत सांगता आले असते. कागदावर चार चौकोन काढून, खिशातले नाणे दोनदा उडवून पाच मिनिटांत दाखवता आले असते. मी टक्का सांगितला आणि समजले की माहिती दिली. आता मी नाणेच काढतो. नवऱ्याच्या हातात एक, बायकोच्या हातात एक. दोघांनी एकदम उडवायचे. दोन्ही छापा पडले तर मूल आजारी. आठ-दहा वेळा उडवले, की माणसे आपणहून बोलतात, "अरे, हे तर लागोपाठही पडतंय!" मग मला वेगळे बोलावे लागत नाही.

त्या दुसऱ्या भेटीत सासूही बरोबर आली होती. तिचा सूर वेगळा. "हिच्या माहेरचं रगत खराब. आमच्या घरात कुनाला नव्हतं असलं." सून खाली मान घालून उभी. असे वाक्य दवाखान्यात इतक्या वेळा कानांवर येते, की आम्ही ते ऐकून सोडून देतो. त्या दिवशी सोडले नाही. ‘आणि’ या शब्दाचा अर्थ मी त्या म्हातारीला समजावला. हा आजार होण्यासाठी आईही वाहक हवी आणि बापही वाहक हवा. दोन्ही वर्तुळे एकमेकांवर आली, की मधल्या फाकेतच हे दुखणे. नुसती सून वाहक असती आणि मुलगा नसता, तर तिला दहा मुले झाली असती तरी एकालाही हा आजार झाला नसता. निम्मी वाहक झाली असती, इतकेच. "आजी, अर्धे तुमच्या मुलाकडून आले. आणि त्याला ते तुमच्याकडून नाहीतर त्याच्या बापाकडून आले," असे मी म्हटले तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने सुनेच्या कडेवरचे मूल आपल्याकडे घेतले. तिला सगळे पटले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण तोंडाचा पट्टा तेवढा थांबला.

‘आमच्या घरात कुणाला नव्हते’ हे वाक्य खरे असूनही निरुपयोगी असते. वाहक पिढ्यान् पिढ्या लपून राहतात. एखाद्या समाजात शंभरात १० माणसे वाहक आहेत असे धरू. लग्ने जर अगदी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली, तर दोघेही वाहक अशी जोडपी दहाचा दहाशी गुणाकार, म्हणजे शंभरात एक. आणि त्यांच्या मुलांत चारात एक. सगळे मिळून ४०० बाळांत एक. वाडीवर इतक्या क्वचित दिसणारा आजार कुणाच्या लक्षात राहणार? झाले तर देवीचा कोप, नाहीतर बाहेरची बाधा.

पण लग्ने चिठ्ठ्या टाकून होत नाहीत, हे सांगायला डॉक्टर नको. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. समजा मुलगा वाहक आहे. त्याला ती प्रत आईकडून आली असण्याची शक्यता दोनात एक. आईकडे असेल तर ती तिच्या भावाकडेही असण्याची दोनात एक. भावाकडे असेल तर त्याच्या मुलीकडे उतरण्याची दोनात एक. तीनदा अर्धे केले की आठात एक. बाहेरच्या समाजात वाहक शंभरात ४ असतील, म्हणजे पंचविसात एक, तर मामाच्या मुलीत ते आठात एक झाले. धोका तिप्पट! गुणाकाराची जी अट मघाशी शिबिरात मोडली होती, तीच इथे मांडवात मोडते. दोन वर्तुळे नात्याने जवळ आली, की मधली फाक रुंदावते.

हा बिघाड टिकला तरी का, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर डासांत आहे. वाहकाला जिवावरच्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. थॅलेसेमियाबद्दल तसाच तर्क १९४९ साली हाल्डेन यांनी मांडला होता. हेच हाल्डेन पुढे भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. म्हणजे रानावनात, तापाच्या मुलखात ज्या लोकांनी पिढ्या काढल्या, त्यांच्या रक्ताने एका संकटावर उतारा शोधला आणि त्याची किंमत दुसरीकडे मोजली. यात लाज वाटण्याजोगे काय आहे? आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल प्रथम आढळला. पुढे तो मध्य आणि पश्चिम भारतात, आपल्या विदर्भात आणि सातपुड्यातही मोठ्या प्रमाणावर सापडला. पण तो फक्त आदिवासींचा, असे म्हणणेही चूक. आणि त्याचा भाऊबंद थॅलेसेमिया तर व्यापारी पेठेतल्या घरांतही आहे. त्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, जन्मभर.

इथे एक बारीक गोष्ट, पण महत्त्वाची. एक जण सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक, अशी जोडी जमली तरी मूल आजारी होऊ शकते. म्हणजे धोक्याचे वर्तुळ ‘सिकलसेल किंवा थॅलेसेमिया’ असे मोठे धरावे लागते. नळीत रक्ताचा थेंब टाकून करतात ती स्वस्त तपासणी फक्त सिकलचे हिमोग्लोबिन आहे की नाही एवढे सांगते. माणूस वाहक आहे की रोगी हेही ती सांगत नाही, आणि थॅलेसेमिया तर तिला दिसतच नाही. त्यासाठी एचपीएलसी नावाची यंत्रावरची तपासणी लागते. ‘सिकल नाही’ असा कागद हातात आला म्हणून ‘काहीच नाही’ असे वाचू नये.

आता माझे मत. लग्न ठरवताना आपण पत्रिका काढतो, छत्तीस गुण मोजतो, एक नाडी आली की स्थळ मोडतो. अलीकडे काही जण रक्तगटही जुळवू लागले आहेत. दोघांचा रक्तगट एक असल्याने मुलाबाळांचे काहीही बिघडत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. (बायकोचा निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणात एक इंजेक्शन लागते, त्याने काम भागते.) जी तपासणी खरोखर करायला हवी ती मात्र राहून जाते. ती दोघांची एकदम करायचीही गरज नाही. आधी एकाची करा. तो वाहक नसेल तर मधली फाक रिकामी, विषय संपला. एक वाहक निघाला तरच दुसऱ्याची करा. आणि मी तर म्हणेन, आधी मुलाची करा. मुलीची आधी केली आणि ती वाहक निघाली, तर मुलाला सुईही न टोचता स्थळ मोडायचे आणि गावभर बभ्रा करायचा, ही आपली रीत मला ठाऊक आहे. वाहक मुलीने वाहक नसलेल्या मुलाशी लग्न केले तर कुणालाही काही धोका नाही, एवढे एक वाक्य मुलींच्या शाळांतून सांगितले गेले तरी पुष्कळ रडणे वाचेल.

ज्या घरात एक मूल आजारी आहे, तिथल्या धडधाकट भावंडांची तपासणीही राहून जाते. चार चौकोनांतला आजाराचा एक चौकोन खोडा, कारण हे भावंड आजारी नाही हे दिसतेच आहे. उरले तीन, त्यांतले दोन वाहकाचे. म्हणजे निरोगी दिसणारे भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. ‘याला काही नाही’ म्हणून ज्याला मोकळे सोडले, त्याच्याच लग्नाच्या वेळी चौकशी सर्वांत आधी व्हायला हवी.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि २०४७ सालापर्यंतचे उद्दिष्ट ठेवले. शून्य ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी, असा तिचा आराखडा. कार्डे वाटली जातील, नोंदी होतील. माझी काळजी कार्ड हातात पडल्यानंतरची आहे. आशाताईंना आम्ही आकडा देतो, तो समजावायचे साधन देत नाही. चार चौकोनांचे चित्र आणि दोन नाणी, याला काही निधी लागत नाही. प्रशिक्षणात अर्धा तास त्यासाठी काढावा आणि आम्हा डॉक्टरांनाही त्या वर्गात बसवावे. आधी आम्हालाच, असे म्हणालात तरी माझी तक्रार नाही.

ज्यांना शंका असेल त्यांनी पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. दिवस राहिले असतील आणि दोघेही वाहक असतील, तर वेळ घालवू नये. गर्भाची तपासणी साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून होऊ शकते, पण त्यासाठी मुंबईला जावे लागते आणि धावपळीत आठवडे भराभर निघून जातात. मूल आजारी असेल तर हातपाय गाळू नयेत. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी कळांचे झटके पुष्कळ कमी होतात, फॉलिक ॲसिड, लसी आणि भरपूर पाणी यांनीही फरक पडतो. त्या घरातली दोन्ही मुले आता वेळेवर औषध घेतात. थोरला शाळेत जातो. मध्यंतरी गोळ्या न्यायला आला तेव्हा त्याने माझ्या टेबलावरची दोन नाणी उचलली आणि विचारले, "डॉक्टर, ही कुणाची?" मी म्हटले, "तुमच्यासारख्यांना दाखवायला ठेवली आहेत." त्याने ती एकदम उडवली. एक टेबलाखाली गेले, ते आम्ही दोघे शोधत बसलो.